लाईट गेली, हे बॅटरीला सांगते कोण?



मागच्या महिन्यात न्हावऱ्याच्या शिवारातल्या एका वस्तीवर जाणे झाले. निमित्त खोडव्याच्या खताचे होते. बोलता बोलता दिवस कलला, चहा झाला आणि लाईट गेली. घरधन्याने खुंटीवरची इमर्जन्सी बत्ती काढली, बटन दाबले. बत्ती क्षणभर लाल झाली आणि विझली. "दोन दिवस झाले, चार्जिंगला लावायची राहिली," सूनबाई ओशाळून म्हणाल्या. तेवढ्यात गोठ्याकडे शेळ्या ओरडायला लागल्या.

अंगणात नातू खेळत होता. गोठ्यापासून दहा पावलांवर ऊस. चार-पाच मिनिटे कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. मग कुणाचा तरी मोबाईल सापडला आणि त्याच्या उजेडात पाहिले तर कुत्रे होते. सगळे हसले. पण ते हसू कसले होते, हे तुम्हाला सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले आणि त्यांत दोन लेकरे होती. घोड धरणाचे आणि चासकमानचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला घर मिळाले. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला तो याच उसाच्या जोरावर. आता ऊसही आपला आणि त्यातली भीतीही आपलीच.

मी त्यांना म्हटले, "अंगणात आणि गोठ्यात १२ व्होल्टचे दोन दिवे लावा. मागे बॅटरी ठेवा. लाईट गेली की दिवे आपोआप बॅटरीवर चालतील. बटन दाबायला नको की चार्जिंगची आठवण ठेवायला नको."

कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "आवं सायेब, लाईट गेली ह्ये त्या बॅटरीला सांगतंय कोन?"

प्रश्न लाखमोलाचा होता. त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. मी शेतीचा पदवीधर, विजेचा इंजिनिअर नव्हे. मग शिरूरच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दोन संध्याकाळी बसलो, घरी करून पाहिले, एकदा चुकलोही. आजचा हा लेख म्हणजे आजींना उशिरा दिलेले उत्तर.

कुणीच सांगत नाही

दौंड जंक्शन आपल्याला जवळचे. पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे. तेवढा वेळ गाडी उभी, इंजिन जोडलेले नाही, तरी डब्यातले दिवे चालू. का? डब्याखाली चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारे वीजयंत्र असे आणि शेजारी पेटीत बॅटऱ्या. गाडी पळत असताना यंत्र दिवे चालवी आणि बॅटरीही भरी. गाडी थांबली की बॅटरी दिवे चालवी. गार्ड येऊन बटन दाबत नसे.

जुन्या टेलिफोनचेही तेच. लाईट गेली तरी फोन वाजायचा, कारण एक्सचेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या कायम तारेवर जोडलेल्या असत. सी-डॉट ही संस्था १९८४ साली निघाली. तिचे पहिले ग्रामीण एक्सचेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला सुरू झाले. तिथून पुढे गावोगाव फोन पोचले ते या बॅटऱ्यांच्या भरवशावर, कारण गावातल्या लाईटचा भरवसा तेव्हाही नव्हता.

आणि फार लांब कशाला, तुमच्या दारातला ट्रॅक्टर पाहा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास दाब देतो, दिवे चालवतो, बॅटरी भरतो. इंजिन बंद केले तरी दिवे लागतात. बॅटरी कधी तारेवरून सुटलेलीच नसते.

हेच आजींच्या प्रश्नाचे उत्तर. बॅटरीला कुणी सांगत नाही. ती कायम दाराशी उभीच असते. जोवर लाईटचा दाब तिच्यापेक्षा जास्त आहे, तोवर तिची पाळी येत नाही. तो दाब सरला की त्याच क्षणी तिचे पाणी वाहू लागते.

पाण्याच्या भाषेत

समजा तुमच्या गोठ्याच्या नळाला दोन बाजूंनी पाणी येते. एक मोटारीची लाईन, दाब जास्त. दुसरी माळवदावरची टाकी, दाब थोडा कमी. दोन्ही लाईनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत. मोटार चालू असेल तर नळाला मोटारीचे पाणी येईल आणि टाकीचा व्हॉल्व्ह दाबाने मिटलेला राहील. मोटार बंद पडली की टाकीचे पाणी आपोआप सुरू होईल आणि मोटारीकडचा व्हॉल्व्ह मिटल्यामुळे ते विहिरीत परत जाणार नाही.

विजेत हे व्हॉल्व्हचे काम डायोड करतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू, वीज एकाच दिशेने जाऊ देते. त्यातही शॉट्की जातीचा डायोड घ्यावा. साधा डायोड वाटेत पाऊण व्होल्टच्या आसपास दाब खातो, शॉट्की त्याच्या निम्म्याने. १२ व्होल्टच्या कारभारात अर्धा व्होल्टही महाग पडतो.

काही जण डायोडऐवजी रिले लावतात. रिले म्हणजे विजेने हलणारा स्विच. तोही चालतो, पण पालटायला पापणी लवण्याइतका वेळ घेतो. दिव्याला त्याचे काही नाही, पण वाय-फायचा राउटर किंवा कॅमेऱ्याचे यंत्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. डायोडमध्ये हलणारा भागच नाही, म्हणून खंडही नाही.

टाकी भरायची कशी, हा दुसरा प्रश्न. टाकीला बॉलकॉक असतो. पाणी कमी झाले की उघडतो, भरले की मिटतो. बॅटरीला ठरावीक दाबावर जोडून ठेवले की ती स्वतःच तसे वागते. रिकामी असताना जास्त वीज ओढते, भरत आली की कमी आणि भरल्यावर नावापुरती. फक्त तो दाब नेमका हवा.

दोन आकडे, आणि माझी चूक

१२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बंद शिसे-आम्ल बॅटरी घ्या आणि तिच्या अंगावरचे बारीक अक्षर वाचा. बहुधा दोन दाब छापलेले असतात. 'स्टँडबाय' पुढे १३.५ ते १३.८ व्होल्ट आणि 'सायकल' पुढे १४.४ किंवा त्याहून जास्त. कायम जोडून ठेवायच्या बॅटरीला पहिला आकडा. रोज रिकामी करून झटपट भरायची आणि भरली की चार्जर काढायचा, तिथे दुसरा.

मी घरी दुसरा आकडा धरला. जास्त दाबाने जास्त भरेल, अशी समजूत. खत दुप्पट टाकले म्हणजे पीक दुप्पट येत नाही, हे तुम्हाला सांगत मी आयुष्यभर फिरलो आणि बॅटरीला मात्र मीच जास्तीचा डोस दिला. तीन महिन्यांत बॅटरी फुगली.

उन्हाळ्यात हा दाब आणखी जपावा लागतो. छापील आकडा २५ अंश तापमानाचा असतो. दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट कमी करावा, म्हणजे वैशाखातल्या ४० अंशांना ०.३ व्होल्ट कमी. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. माजघरातल्या गार भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच, पण हवा खेळेल अशा जागी ठेवा. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटू शकतो आणि तो पेट घेतो, तेव्हा बंद पेटीत कोंडू नका आणि चुलीजवळ नको.

काय विकत घ्यायचे

ज्यांच्या हाताला डाग देण्याची सवय नाही, त्यांनी सुटे भाग जोडत बसू नये. कॅमेऱ्याचे सामान विकणाऱ्या दुकानात 'बॅटरी बॅकअपचे एसएमपीएस' मागा. त्यावर तीन जोड्या असतात. २३० व्होल्ट आत यायची, दिव्यांना जायची आणि बॅटरीची. व्हॉल्व्ह आणि बॉलकॉक दोन्ही त्याच्या पोटात असतात. नुसत्या राउटरसाठी तळहाताएवढा तयार 'मिनी यूपीएस' मिळतो.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. एक, बॅटरीला जाणारा दाब १३.५ ते १३.८ व्होल्ट आहे का? मीटर लावून दाखवायला सांगा. दोन, बॅटरीला जाणारा प्रवाह मर्यादित आहे का? ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण २ अँपिअरच्या वर नको. तीन, बॅटरी फार उतरली तर दिवे आपोआप तोडले जातात का? हा तोड ११.५ व्होल्टच्या आसपास असलेला बरा. शिशाची बॅटरी तळाशी जाऊन पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. उपाशी बैल उठतो, पण मोडलेला बैल उठत नाही.

आणखी एक. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला १२ ऐवजी १३.५ व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. चांगल्या १२ व्होल्टच्या दिव्याला तो चालतो. कॅमेऱ्याला मात्र बहुधा १२ च्या १० टक्के वर-खाली एवढीच मुभा असते, म्हणजे १३.२. तिथे दाब १२ वर बांधून देणारे छोटे मॉड्यूल मध्ये घालायला सांगा.

घरात इन्व्हर्टर आहे, मग हे कशाला, असे कुणी विचारील. पंख्याला, टीव्हीला इन्व्हर्टर हवाच. पण तो बॅटरीच्या विजेची २३० व्होल्ट वीज करतो आणि दिव्यातले वा राउटरचे अडॅप्टर तिची पुन्हा कमी दाबाची करते. ज्वारी दळून तिची पुन्हा ज्वारी करण्यातला प्रकार. दोन्ही वेळा सांड होते आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीही थोडी वीज खातो. दोन दिव्यांसाठी थेट १२ व्होल्टच परवडतात.

हिशेब

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आधी आड मोजा.

१२ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-अवर म्हणजे ८४ वॅट-तास. शिशाची बॅटरी टिकवायची तर यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ४२. ५ वॅटचे दोन दिवे, एकूण १० वॅट, चार तास चालतील. लाईट तासा-दोन तासांपुरती जाते, तिथे हे पुरेसे आहे.

पूर्ण रात्र, १२ तास, दिवे हवे असतील तर १० गुणिले १२, म्हणजे १२० वॅट-तास. निम्म्याच्या नियमाने २४० वॅट-तासांची बॅटरी लागेल, म्हणजे २० अँपिअर-अवर. बॅटरी जुनी होणार हे धरून २६ ची घ्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमची वस्ती कोणत्या फीडरवर आहे? गावठाणच्या फीडरवर लाईट बराच वेळ असते, त्यामुळे बॅटरीला भरायला सवड मिळते. पण वस्तीला शेतीच्या फीडरवरून वीज असेल आणि ती दिवसातून काही तासच येत असेल, तर स्टँडबायच्या दाबावर बॅटरी पोटभर भरणारच नाही. त्या दाबावर ती पुरती भरायला बहुतेक एक दिवस जातो. रोज अर्धपोटी राहिलेली बॅटरी वर्षाच्या आत मरते आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. अशा वस्तीवर ५० ते ६० वॅटचे सौर पॅनेल आणि त्याचा चार्ज कंट्रोलर लावा. दिवसा ऊन बॅटरी भरील. पावसाळ्यात ढग आठ-आठ दिवस हलत नाहीत, तेव्हा एकच दिवा ठेवा.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा काढला. रात्री पाण्याला जाणे ज्यांचे सुटले, त्यांचा मोठा घोर सुटला. पण दिवसा पाणी मिळाले म्हणून रात्री अंगणात उजेड आला असे होत नाही. तो आपला आपणच करायचा.

आता लिथियम फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. वजनाला हलक्या, जास्त खोल वापरता येणाऱ्या, जास्त वर्षे टिकणाऱ्या. पण त्यांचा दाब वेगळा आणि चार्जर वेगळा. चार्जरवर तसे स्पष्ट लिहिले नसेल तर शिशाच्या चार्जरला त्या जोडू नका.

तार आणि फ्यूज

१२ व्होल्टची वीज लांब जाताना दमते. गोठा ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत, १० वॅटच्या दिव्यासाठी, जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ ची तार घातली तर ०.४ च्या आत. तारेत काटकसर करू नका.

आणि ही ओळ दोनदा वाचा. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण उंदराने तार कुरतडली आणि दोन्ही तारा चिकटल्या तर एवढीशी बॅटरी तार लालबुंद करते. शेजारी कडब्याची गंज असली तर बाकीचे मी लिहीत नाही. बिबट्याच्या भीतीने लावलेल्या बॅटरीने गोठा पेटू नये.

२३० व्होल्टच्या बाजूला स्वतः हात घालू नका. ते वायरमनचे काम.

अमावस्येची परीक्षा

शेवटी आजींच्या घरातल्या त्या विझलेल्या बत्तीकडे येतो. बत्ती वाईट नव्हती. सूनबाईही हलगर्जी नव्हत्या. दूध, स्वयंपाक, पोरांची शाळा, भांगलण, या सगळ्यात चार्जिंगची आठवण राहीलच कशी? जी वस्तू माणसाच्या आठवणीवर चालते ती नेमकी अडचणीच्या दिवशी दगा देते. म्हणून कायम जोडलेली बॅटरी चांगली.

पण तीही म्हातारी होते आणि बोलून दाखवत नाही. लाईट असेपर्यंत दिवे झकास लागतात, आत बॅटरी मेलेली असली तरी कळत नाही. तेव्हा एक नेम करा. दर अमावस्येला, दिवेलागणीला, चार्जरचा मुख्य स्विच बंद करा आणि तासभर दिवे बॅटरीवर चालू द्या. मग दिवे चालू असतानाच मीटरने दाब पाहा आणि कॅलेंडरवर त्या तारखेत लिहून ठेवा. ७ ची नवी बॅटरी १० वॅटच्या दिव्यांवर तासाभराने १२ च्या वर असते. दर महिन्याला आकडा उतरत चालला आणि ११.५ कडे आला तर पावसाळ्याची वाट न पाहता बॅटरी बदला. जुनी बॅटरी विहिरीजवळ किंवा बांधावर टाकू नका. शिसे विषारी असते. दुकानदाराला परत द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आणि उजेड आहे म्हणून बिनघोर राहू नका. दिव्याला बिबट्या भितोच असे नाही. दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, त्याला घाबरवण्यासाठी नाही. शेळ्या बंदिस्त गोठ्यात घाला. अंधार पडल्यावर लेकराला एकटे अंगणात सोडू नका. परसाकडे जाताना सोबत घ्या, बोलत जा. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो. अंगणात एक, गोठ्यात एक, असे दोन दिवे लागलेले. आजींना उत्तर सांगितले, टाकीचे आणि मोटारीचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी ती घरातल्या बाईवानीच की. कुनी सांगायची वाटच बघत न्हाई."

मी वहीत लिहून घेतले. इतका वेळ मी जे सांगत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

येती अमावस्या कॅलेंडरवर पाहून ठेवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी